द्विकर्णी श्रवणातील निरोधक मार्ग

द्विकर्णी श्रवणातील निरोधक मार्ग म्हणजे मस्तिष्कस्तंभातील असे चेतामार्ग, जे एका कानाकडून आलेल्या संदेशाच्या आधारे दुसऱ्या कानाच्या संदेशाला आवर घालतात. ध्वनी कोणत्या बाजूने आला हे सस्तन प्राण्यांना कळण्यात या मार्गांचा मोठा वाटा असतो.

डोळ्याच्या दृष्टिपटलावर दिशेचे चित्र आपोआप उमटते. आंतरकर्णातील कर्णावर्तात मात्र केवळ उच्चनीच स्वर वेगळे होतात. दिशा मुख्यतः दोन्ही कानांच्या तुलनेतून काढावी लागते. उजवीकडचा ध्वनी उजव्या कानाशी किंचित आधी पोहोचतो. माणसात हा फरक एका मिलिसेकंदाहूनही कमी असतो. शिवाय उच्च स्वराचा ध्वनी डोक्याच्या आडोशामुळे डाव्या कानाला क्षीण ऐकू येतो. लॉर्ड रॅले यांनी १९०७ मध्ये या दोन खुणांचे विवेचन केले.

तीव्रतेतील फरक ऊर्ध्व ऑलिव्ह संकुलाच्या पार्श्व केंद्रकात, म्हणजे चेतापेशींच्या एका पुंजक्यात, मोजला जातो. तेथील पेशींना त्याच बाजूच्या कानाकडून उत्तेजन मिळते. विरुद्ध कानाचा संदेश मध्यरेषा ओलांडून प्रथम ट्रॅपेझॉइड पिंडाच्या अभिमध्य केंद्रकात जातो आणि तेथील पेशी ग्लायसीन हे रसायन सोडून पार्श्व केंद्रकाच्या पेशींना शांत करतात. ही एक प्रकारची वजाबाकीच होय. उजवीकडून मोठा आवाज आला की उजवे पार्श्व केंद्रक जोमाने संदेश धाडते, तर डावे जवळजवळ गप्प होते. निरोध म्हणजे निव्वळ अडथळा, ही समजूत येथे टिकत नाही. निरोध नसेल तर तुलनाच उरत नाही.

परंतु विरुद्ध कानाचा मार्ग लांबचा आहे आणि त्यात एक चेतासंधी अधिक आहे. तरीही दोन्ही संदेश जवळपास एकाच वेळी पोहोचावे लागतात. त्यासाठी या मार्गातील चेतातंतू जाड असतात आणि त्यांचे टोक पुढच्या पेशीला पेल्यासारखे कवेत घेते. हान्स हेल्ड यांनी १८९३ मध्ये वर्णिलेला हा 'हेल्डचा पेला' सस्तन प्राण्यांच्या मेंदूतील सर्वांत मोठ्या चेतासंधींपैकी एक असून, त्याच्या आकारामुळे चेतासंधीच्या अभ्यासकांचा तो आवडता नमुना ठरला आहे.

वरच्या पातळीवर, पार्श्व लेम्निस्कसच्या पृष्ठीय केंद्रकातील पेशी गॅबा या रसायनाद्वारे विरुद्ध बाजूला पुन्हा आवर घालतात.

एका कानाने ऐकू न येणाऱ्या व्यक्तीला ही तुलना करता येत नाही. अशा मुलाला वर्गात हाक ऐकू येते, पण ती कोणी मारली हे पाहण्यासाठी त्याला मान वळवून शोध घ्यावा लागतो. शिक्षकांना ते दुर्लक्ष वाटण्याचा संभव असतो.