खिडकीतला बॉर्डर फोर्ट

जांभूळ-अंबरनाथकरांनो, लांबवर दिसणारा तो उभा कातळ रोज बघता ना? तो मलंगगड. आज वीकेण्डचा ट्रेक, पण एकेकाळी चक्क बॉर्डरवरचा किल्ला!

१७७४च्या अखेरीस इंग्रजांनी ठाणं घेतलं, १७८०मध्ये कल्याण. त्याच पावसाळ्यात कॅप्टन अ‍ॅबिंग्टनने मलंगगडाचा खालचा टप्पा जिंकला. बालेकिल्ला मात्र हाती लागेना. कवायती फौज होती, पण कातळापुढे तिचं काही चाललं नाही. उलट मराठ्यांनी त्यालाच घेरलं! १७८२च्या सालबाईच्या तहात साष्टी इंग्रजांकडे राहिली, कल्याण मराठ्यांकडे परत आलं.

हाजी मलंग दर्ग्यापर्यंत पायऱ्या आहेत. त्यापुढे मात्र दोर आणि जाणकार सोबत असतील तरच जा. अ‍ॅबिंग्टनचंही घोडं तिथेच अडलं होतं, बॉस!