अश्रू आणि निद्रा : आघातानंतर जपावयाचे दोन वेग

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसर भूकंपाने हादरला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणेशविसर्जन आटोपून लोक नुकतेच निजले होते. लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. झोपेत घर कोसळलेल्यांना पुढे झोपेचेच भय वाटावे, हे स्वाभाविक होय. पूर, दरड, अपघात यांतून वाचलेले रुग्णही आपल्याकडे येतात. परंतु 'मनास आघात झाला' असे ते सांगत नाहीत. निद्रानाश, अंगमर्द, अरुची, छातीतील धडधड एवढीच त्यांची तक्रार असते.

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात सांगितलेल्या तेरा अधारणीय वेगांत बाष्प, म्हणजे अश्रू, आणि निद्रा हे दोन्ही आहेत. त्याच अध्यायात शोक व भय हे वेग मात्र धारणीय मानले आहेत. आमच्या मते यात विसंगती नाही. अश्रू वाहू द्यावेत. मात्र शोकाच्या आहारी जाऊन अन्न, झोप व काम सोडू नये, असा त्याचा व्यवहारातील अर्थ होय.

बाष्पावरोधावर निद्रा, मद्य व प्रिय कथा, तर निद्रावरोधावर निद्रा व संवाहन हे उपचार तेथे आहेत. यांपैकी मद्य आज कटाक्षाने वर्ज्य मानावे. त्याने झोप खंडित होते आणि दुःखात लागलेली सवय सुटत नाही. उरलेले उपचार प्रत्येक चिकित्सालयात शक्य आहेत. रुग्ण रडू लागल्यास 'रडू नका' असे म्हणू नये. त्याचप्रमाणे घडलेला प्रसंग खोदून खोदून विचारूही नये. निजण्या-उठण्याची व जेवणाची वेळ ठरवून द्यावी. आहार लघु व उष्ण असावा. रात्री कोमट तिळतेलाने पादाभ्यंग सुचवावा. मात्र अत्याचारपीडितांना स्पर्शाचेच भय असू शकते, म्हणून आधी संमती घ्यावी. घरातील जिव्हाळ्याच्या माणसास सोबत बसविणे, हीच प्रिय कथेची सोय होय.

औषधालयचालकांचे दायित्वही मोठे आहे. आघातानंतरच्या पहिल्या महिन्यात केवळ त्या ताणाच्या लक्षणांसाठी बेंझोडायझेपाइन गटातील गोळ्या देऊ नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये सुचविले आहे. गिऱ्हाइकाने झोपेचे औषध मागितल्यास ब्राह्मी-जटामांसीची बाटली पुढे करण्यापूर्वी दोन प्रश्न अवश्य विचारावेत : त्रास किती दिवसांचा आहे? जीव नकोसा वाटतो का?

महिना उलटूनही तोच प्रसंग वारंवार डोळ्यांपुढे येत असेल, तर मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवावे. आत्मघाताचा विचार बोलून दाखविल्यास महिन्याची वाट न पाहता त्याच दिवशी पाठवावे व रुग्णास एकटे सोडू नये. ऑक्टोबर २०२२ पासून 'टेली मानस' ही शासकीय सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे. हा क्रमांक प्रत्येक चिकित्सालयाच्या व औषधालयाच्या दर्शनी भागी लावावा, अशी आमची सर्व सभासदांस विनंती आहे.