एक भाकर, वेगवेगळ्या पंगती
ख्रिस्ती पंथांची एकी कुठवर आली आणि प्रभुभोजनाच्या मेजापाशी कुठे अडली?

कोल्हापूर - ख्रिस्ती समाज बाहेरून पाहणाऱ्याला एकच दिसतो. नाताळात सर्वच चर्चवर रोषणाई असते, बायबल एकच असते आणि 'आमच्या स्वर्गातील पित्या' ही प्रार्थनाही एकच असते. प्रत्यक्षात कोल्हापुरातील एखाद्या कुटुंबात पती प्रॉटेस्टंट आणि पत्नी कॅथलिक असेल, तर रविवारची उपासना ते एकत्र करू शकतात. मात्र त्या उपासनेचा जो सर्वोच्च क्षण, भाकर आणि द्राक्षारस ग्रहण करण्याचा, तेव्हा दोघांपैकी एकाला बहुधा जागेवरच बसून राहावे लागते. प्रॉटेस्टंट मंडळ्या या विधीला 'प्रभुभोजन' म्हणतात, कॅथलिक तो 'मिस्सा'मध्ये साजरा करतात. ख्रिस्ताने वधस्तंभावर जाण्यापूर्वीच्या रात्री शिष्यांसमवेत केलेल्या भोजनाचे ते स्मरण आहे. सर्वांना एकत्र आणण्यासाठी असलेले हेच भोजन पंथापंथांमधील सीमारेषा का ठरावे, हा प्रश्न शंभराहून अधिक वर्षे ख्रिस्ती जगाला भेडसावतो आहे. त्या प्रश्नाच्या इतिहासात कोल्हापूरचाही वाटा आहे.

वायल्डर पिता-पुत्र

रेव्ह. रॉयल गुल्ड वायल्डर हे अमेरिकी मिशनरी १८५२ मध्ये कोल्हापुरात आले. तत्पूर्वी १८४६ पासून ते अहमदनगरला अमेरिकन बोर्डाच्या, म्हणजे प्रामुख्याने काँग्रिगेशनल पंथाच्या, मिशनमध्ये होते. पुढे बोर्डाशी मतभेद झाल्याने त्यांनी काही वर्षे कोल्हापूरचे काम स्वतंत्रपणे चालविले आणि १८७० मध्ये ते प्रेस्बिटेरियन मंडळाकडे गेले. अँग्लिकन परंपरेचे 'सोसायटी फॉर द प्रॉपगेशन ऑफ द गॉस्पेल' हे मिशनही १८७० च्या दशकात कोल्हापुरात कार्यरत होते. ज्या शहरात ख्रिस्ती लोकसंख्या मूठभर, तेथे दोन मिशने आणि दोन उपासनापद्धती अशी स्थिती झाली. इंग्लंड-अमेरिकेतील जुने वाद येथील नवख्रिस्ती कुटुंबांच्या दारात येऊन उभे राहिले. ते वाद कशावरून झाले होते, याच्याशी या कुटुंबांचा काडीचाही संबंध नव्हता.

वायल्डर यांचे पुत्र रॉबर्ट यांचा जन्म १८६३ मध्ये कोल्हापुरातच झाला. १८८६ मध्ये अमेरिकेतील माउंट हर्मन येथे विद्यार्थ्यांच्या मेळाव्यातून जी 'स्टुडंट व्हॉलंटियर' चळवळ उभी राहिली, तिच्या मुळाशी रॉबर्ट वायल्डर होते. त्या मेळाव्यात परदेशी सेवेसाठी नावे देणाऱ्या पहिल्या शंभर तरुणांमध्ये जॉन मॉट होते. १९१० मध्ये एडिंबरो येथे भरलेल्या जागतिक मिशनरी परिषदेचे अध्यक्षपद याच मॉट यांनी भूषविले. आधुनिक ख्रिस्ती ऐक्य चळवळीचा आरंभ सामान्यतः या परिषदेपासून मानला जातो. १९४८ मध्ये ॲमस्टरडॅम येथे स्थापन झालेली जागतिक चर्च परिषद हे तिचेच पुढचे पाऊल. ऐक्याच्या या धाग्याचे एक टोक असे कोल्हापुरात सापडते.

ऐक्याची निकड येथे का?

ऐक्याची निकड युरोपपेक्षा भारतात अधिक तीव्रतेने जाणवली, याचे कारण उघड आहे. मिशनांनी आपापसांत प्रदेश वाटून घेतले होते. अहमदनगरचा ख्रिस्ती काँग्रिगेशनल, कोल्हापूर-सांगलीकडचा प्रेस्बिटेरियन, तर आणखी कुठला मेथडिस्ट. पंथ ठरत होता तो श्रद्धेने नव्हे, गावाच्या नावाने. नोकरीनिमित्त गाव बदलले की पंथाचा प्रश्न उभा राही. व्ही. एस. अझरिया यांच्यासारख्या भारतीय नेत्यांच्या पुढाकाराने १९१९ मध्ये तरंगंबाडी येथे ऐक्याचे आवाहन करण्यात आले, त्यामागे हीच अस्वस्थता होती.

महाराष्ट्रात ही अस्वस्थता कवी नारायण वामन टिळक यांच्या रूपाने प्रकट झाली. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांनी दोन दशकांहून अधिक काळानंतर, १९१७ मध्ये, मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोन्ही ख्रिस्तभक्तांना त्यात स्थान होते. १९१९ मध्ये टिळकांचे निधन झाल्याने तो प्रयोग मोठा होऊ शकला नाही. त्यांची गीते मात्र पंथांच्या भिंती ओलांडून गेली. 'उपासना संगीत' हा मराठी गीतसंग्रह हाती घेणाऱ्यास टिळकांचे गीत गाताना आपण कुठल्या पंथाचे, हे आठवण्याचे कारण पडत नाही.

संघटनेच्या पातळीवर पहिले मोठे पाऊल १९२४ मध्ये पडले. प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळ्या एकत्र येऊन 'युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया' स्थापन झाले. वायल्डर ज्या दोन परंपरांमध्ये वावरले, त्या कोल्हापूर आणि अहमदनगरच्या मंडळ्या अशा रीतीने एका छत्राखाली आल्या.

नागपूरचा तोडगा

या दोन पंथांचे जमणे तुलनेने सोपे होते. खरी कसोटी लागली ती अँग्लिकन आणि बाप्टिस्ट यांना सामावून घेताना. अँग्लिकनांच्या दृष्टीने बिशपच्या हस्ते दीक्षा मिळालेला आचार्यच प्रभुभोजनाचा विधी करू शकतो. प्रेस्बिटेरियनांकडे बिशप नव्हतेच. तेथे पाळक आणि वडीलमंडळ यांचा कारभार. बाप्टिस्टांचा आक्षेप आणखी वेगळा होता. तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा त्यांना मान्य नव्हता. कळत्या वयात स्वतः विश्वास प्रकट करणाऱ्यालाच तो द्यावा, अशी त्यांची भूमिका.

दक्षिणेत २७ सप्टेंबर १९४७ रोजी 'चर्च ऑफ साउथ इंडिया' स्थापन झाले, तेव्हा सर्व पंथांच्या विद्यमान पाळकांना आहे तसे स्वीकारण्यात आले. नव्या दीक्षा मात्र बिशपांच्या हस्ते होतील, असे ठरले. परिणामी बिशपची दीक्षा न मिळालेले पाळक काही काळ प्रभुभोजन देत राहणार होते. त्यामुळे इंग्लंडमधील अँग्लिकन चर्चने या नव्या चर्चशी पूर्ण सहभागिता ठेवण्यास दीर्घकाळ हात आखडता घेतला.

उत्तर भारतातील बोलणी १९२९ मध्ये सुरू झाली आणि ती चार दशके चालली. दक्षिणेचा अनुभव लक्षात घेऊन येथे निराळा मार्ग निवडला गेला. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' अर्थात सीएनआयची स्थापना झाली, त्या वेळी निरनिराळ्या पंथांच्या धर्मसेवकांनी एकमेकांच्या मस्तकावर हात ठेवून प्रार्थना केली. कोणाची दीक्षा आधी अपुरी होती आणि कोणाची पूर्ण, याचा निवाडा कोणी केला नाही. ज्याच्याजवळ जे कमी असेल ते देवाने द्यावे, असा त्या विधीचा आशय होता. बाप्तिस्म्याबाबतही दोन्ही पद्धती मान्य झाल्या. पालक बाळाचा बाप्तिस्मा करू शकतात, किंवा बाळाचे अर्पण करून बाप्तिस्म्याचा निर्णय त्याच्या कळत्या वयावर सोपवू शकतात.

अँग्लिकन, युनायटेड चर्च, बाप्टिस्ट, ब्रेदरन, ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट आणि डिसायपल्स ऑफ क्राइस्ट असे सहा प्रवाह सीएनआयमध्ये आले. अमेरिकी परंपरेचे मेथडिस्ट मात्र ऐन वेळी, १९७० मध्येच, बाजूला झाले. १९८१ पासून ते 'मेथडिस्ट चर्च इन इंडिया' या नावाने स्वायत्त आहेत. सीएनआय, सीएसआय आणि केरळचे मार थोमा चर्च यांच्यात आज पूर्ण सहभागिता आहे. कोल्हापूरच्या सीएनआय चर्चचा सभासद चेन्नईच्या सीएसआय चर्चमध्ये निःसंकोचपणे प्रभुभोजन घेऊ शकतो, तो त्यामुळेच.

श्रद्धा जुळली, सातबारा नाही

ऐक्याचा ठराव करणे आणि ते जमिनीवर उतरणे यांत अंतर असते. मिशन परत गेले, पण शाळा, रुग्णालये, चर्च आणि मोक्याच्या जागा मागे राहिल्या. त्यांचे वारस कोण, हा वाद अनेक ठिकाणी न्यायालयांत गेला. गुजरातमधील ब्रेदरन मंडळीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये दिलेला निर्णय या दृष्टीने महत्त्वाचा आहे. दोन चर्चनी एकत्र येण्याचा ठराव केला म्हणून नोंदणीकृत संस्थेचे विसर्जन आपोआप होत नाही आणि सार्वजनिक न्यासाची मालमत्ताही आपोआप हस्तांतरित होत नाही. त्यासाठी कायद्याने घालून दिलेली प्रक्रिया पूर्ण करावी लागते, असे न्यायालयाने स्पष्ट केले. त्या प्रकरणात लागू असलेला १९५० चा मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, नाव बदलून, महाराष्ट्रातही लागू आहे.

कोल्हापुरात सीएनआयचा स्वतंत्र धर्मप्रांत आहे आणि 'कोल्हापूर चर्च कौन्सिल' हे जुन्या प्रेस्बिटेरियन परंपरेतील नावही कायम आहे. वायल्डर यांच्या नावाचे मेमोरियल चर्च आणि अँग्लिकन परंपरेतील ऑल सेंट्स चर्च ही दोन्ही शहरात उभी आहेत. या मंडळ्यांतील सामान्य सभासदाला एकमेकांच्या मेजावर भाकर घेण्यात अडचण वाटण्याचे धार्मिक कारण उरलेले नाही. पूर्वी श्रद्धेचा भेद होता आणि मेज वेगळे होते. आता मेजाचा प्रश्न सुटला तरी कारभार आणि मालमत्ता यांचा गुंता शिल्लक राहतो.

कॅथलिक मेजापाशी

कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट यांच्यातील पेच निराळ्या स्वरूपाचा आहे. कोल्हापूरचे कॅथलिक पुणे धर्मप्रांतात येतात; येथील नियम मात्र जगभरच्या कॅथलिकांचेच. मिस्सामध्ये भाकर आणि द्राक्षारस यांचे बाह्य रूप तेच राहते, पण त्यांचे मूळ तत्त्व ख्रिस्ताच्या शरीरात आणि रक्तात बदलते, अशी कॅथलिक श्रद्धा आहे. प्रॉटेस्टंट पंथांमध्ये याविषयी एकमत नाही. कोणी त्यात ख्रिस्ताचे आध्यात्मिक सान्निध्य मानतात, कोणी त्यास मुख्यतः स्मरण समजतात. दुसरा मुद्दा धर्मगुरूच्या दीक्षेचा. प्रेषितांपासून बिशपांच्या अखंड परंपरेतून आलेली दीक्षा प्रॉटेस्टंट धर्मसेवकांकडे नाही, असे कॅथलिक चर्च मानते.

त्यापुढे जाऊन तत्त्वाचाही फरक आहे. कॅथलिक विचारानुसार एकत्र कम्युनियन घेणे ही पूर्ण झालेल्या ऐक्याची खूण आहे. ऐक्य आधी, पंगत नंतर. अनेक प्रॉटेस्टंटांच्या मते यजमान स्वतः ख्रिस्त असल्याने बाप्तिस्मा झालेल्या कोणालाही त्या मेजावरून परत पाठविता येत नाही, आणि एकत्र बसल्यानेच ऐक्य वाढीस लागते. दोन्ही बाजूंना भोजनाचे महत्त्व सारखेच वाटते आणि नेमक्या त्याच कारणाने त्यांचे निष्कर्ष उलट निघतात.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये ऐक्यविषयक आदेश काढून अन्य ख्रिस्ती पंथीयांकडे पाहण्याची कॅथलिक दृष्टी बदलली. १९८३ च्या कॅथलिक धर्मसंहितेतील ८४४ व्या नियमाने काही अपवादही मान्य केले. मृत्यूचा धोका असेल, किंवा बिशपच्या मते अन्य गंभीर निकड असेल, तर प्रॉटेस्टंट व्यक्तीला कम्युनियन देता येते. मात्र तिला स्वतःच्या पाळकाकडे जाणे शक्य नसावे, तिने स्वतःहून मागणी करावी, या संस्काराविषयीची कॅथलिक श्रद्धा तिला मान्य असावी आणि तिची योग्य मनोभूमिका असावी, अशा अटी आहेत. उलट दिशेने, कॅथलिक व्यक्तीने प्रॉटेस्टंट पाळकाकडून प्रभुभोजन घेण्यास हा नियम परवानगी देत नाही.

याची झळ बसते ती मिश्र विवाहांना. असा विवाह कॅथलिक चर्चमध्ये करता येतो, त्यासाठी परवानगी मिळते. परंतु तो सहसा मिस्साविना लावला जातो, कारण अन्यथा लग्नाच्याच दिवशी वधूवरांपैकी एकाने भाकर घ्यायची आणि दुसऱ्याने नाही, असा प्रसंग ओढवतो. जर्मनीतील कॅथलिक बिशपांनी २०१८ मध्ये अशा जोडप्यांसाठी दार किंचित उघडण्याचा प्रयत्न केला, तेव्हा त्यांच्यातच मतभेद झाले आणि प्रकरण रोमपर्यंत गेले. मार्गदर्शनाची पत्रिका निघाली. सरसकट परवानगी मात्र मिळाली नाही.

जे आजही शक्य आहे

मेज वेगळे असले तरी बरेच काही आज एकत्र होऊ शकते, हे विसरता कामा नये. पाण्याने आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने झालेला प्रॉटेस्टंट बाप्तिस्मा कॅथलिक चर्च वैध मानते. तो पुन्हा केला जात नाही. दरवर्षी १८ ते २५ जानेवारी हा ख्रिस्ती ऐक्यासाठी प्रार्थनेचा सप्ताह असतो. २०१३ च्या सप्ताहाचा मसुदा भारतातील स्टुडंट ख्रिश्चन मूव्हमेंटने तयार केला होता आणि त्यात दलितांवरील अन्याय केंद्रस्थानी होता. पंथांची एकी साधताना चर्चमधील जातिभेदाकडे डोळेझाक करता येणार नाही, हे त्यातून जगभरच्या चर्चपुढे मांडले गेले. पंगतीला कोणी कोणाशेजारी बसावे, हा प्रश्न राजर्षी शाहू महाराजांच्या कोल्हापूरला अपरिचित नाही.

इ. स. ३२५ मधील निकियाच्या धर्मपरिषदेला २०२५ मध्ये १७०० वर्षे पूर्ण झाली. त्या परिषदेच्या नावाने ओळखली जाणारी श्रद्धाघोषणा कॅथलिक चर्च आणि सीएनआय या दोहोंनाही मान्य आहे. श्रद्धेचे शब्द समान, बाप्तिस्मा परस्परमान्य आणि प्रार्थना एकत्र, इथवर वाटचाल झालेली आहे. नागपूरला १९७० मध्ये जे साधले, त्यासाठी चार दशकांची चर्चा लागली होती आणि तो तोडगा कोणालाही कमी न लेखण्याच्या अटीवर निघाला होता. कॅथलिक-प्रॉटेस्टंट भेद त्याहून जुना आणि खोल आहे. तोवर मिश्र कुटुंबांतील पती-पत्नी रविवारी एकाच बाकावर बसतील, एकच श्रद्धाघोषणा म्हणतील आणि भाकर वाटली जाताना त्यांच्यापैकी एकच जण उठेल.