ओहोटीचे खडक आणि अनवाणी पाय

गेल्या मे महिन्यातील गोष्ट. सोमवारी सकाळी दवाखाना उघडतो तोच पन्नाशीचे एक गृहस्थ लंगडत आत आले. शनिवारी मुंबईहून आलेल्या भाच्यांना घेऊन ते माहीमच्या खडकांवर गेले होते. मुलांजवळ मालवणहून आणलेला पाण्यात पाहण्याचा चष्मा व श्वासाची नळी. मालवणला नितळ पाण्यात रंगीत मासे दिसतात. आपल्याकडचे पाणी गाळाने गढूळ, म्हणून ही मंडळी खडकांतल्या डबक्यांत डोकावत होती. खेकडे, शंख, निवट्या पाहून मुले हरखली. मामांच्या पायाला मात्र कालवाची शिंप लागली.

"जरासे खरचटले होते डॉक्टर. हळद लावून फडके बांधले."

फडके सोडले तर पाऊल घोट्यापर्यंत लाल आणि सुजलेले. त्यात त्यांना दहा वर्षांचा मधुमेह! तातडीने रुग्णालयात पाठवले. पाय वाचला, पण दहा दिवस खाटेवर काढावे लागले.

वाचकहो, कालवाची धार ब्लेडसारखी असते आणि तिचे तुकडे जखमेत राहतात. उबदार खाऱ्या पाण्यात 'व्हिब्रिओ' जातीचे जंतू असतात. निरोगी माणसाला ते सहसा फारसा त्रास देत नाहीत. पण मधुमेह किंवा यकृताचा आजार असलेल्यांमध्ये एक-दोन दिवसांत जखम चिघळून जिवावर बेतू शकते. म्हणून जखम लगेच स्वच्छ नळाच्या पाण्याने व साबणाने दहा मिनिटे धुवावी. हळद, चुना, तंबाखू काही भरू नये. धनुर्वाताची लस घेऊन पाच वर्षे उलटली असतील तर पुन्हा घ्यावी. लाली पसरली, ताप आला किंवा निळसर-काळे फोड उठले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. सकाळची वाट पाहू नये.

दुसरा धोका दंशाचा. सप्टेंबर २०१३ मध्ये गणेश विसर्जनाच्या वेळी गिरगाव चौपाटीवर अनेक भाविकांना पाखटांनी दंश केले होते. पाखट वाळूत दडून बसते आणि पाय पडला की शेपटीचा काटा मारते. शिंगाळ्याचा काटाही असाच विषारी. अशा वेळी पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवावा. वेदना पुष्कळ कमी होतात. पाणी किती गरम आहे हे दुसऱ्याने हात घालून पाहावे, कारण दुखऱ्या किंवा मधुमेहाने बधिर झालेल्या पायाला चटका कळत नाही. काटा छातीत, पोटात वा मानेत रुतला असेल तर उपसू नये. १०८ ला फोन करावा.

पावसाळ्यात निळे जेलीफिश, म्हणजे ब्लूबॉटल, किनाऱ्याला लागतात. ऑगस्ट २०१८ मध्ये मुंबईच्या चौपाट्यांवर अनेकांना त्यांचा प्रसाद मिळाला. त्यांचे धागे अंगाला चिकटले तर चोळू नयेत. चिमट्याने काढावेत, समुद्राच्याच पाण्याने धुवावे, मग गरम पाण्याचा शेक द्यावा. किनाऱ्यावर मेलेला पडलेला असला तरी तो डंख करतो, हे मुलांना सांगून ठेवावे.

आणि सर्वांत मोठा धोका भरतीचा. आपल्याकडे उधाणाला पाणी पाच मीटरच्या आसपास चढउतार करते. आपल्या वाडवडिलांचा हिशेब सोपा होता : तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. अर्धा-पाऊण तास पुढेमागे धरावा. त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. म्हणजे पौर्णिमा-अमावास्येला खडक सर्वांत जास्त उघडे पडतात ते संध्याकाळी, सूर्यास्ताच्या सुमारास! मंडळी मावळतीचे फोटो काढत बसतात आणि अंधारात पाणी परतते. पहिला तास ते हळू चढते. तिसऱ्या-चौथ्या तासाला सर्वांत झपाट्याने. पुढे पाहणाऱ्याच्या मागची खाचर केव्हा भरली, हे त्याला कळतही नाही. कालवे काढणाऱ्या आपल्या बायका पाहा. हात कामात असले तरी लक्ष पाण्याकडे, आणि पाणी फिरले की टोपली उचलून परत.

म्हणून ओहोटी पूर्ण होण्याआधी जावे, पाणी फिरताच निघावे. पायात जाड तळाचे, मागे पट्टा असलेले पादत्राण हवे. कपारीत हात घालू नये. चष्मा लावून बुडी मारण्याच्या शर्यती मुलांना लावू देऊ नयेत. आधी भराभर श्वास घेऊन दम कोंडला तर पाण्यातच शुद्ध हरपते. मूल डबक्यात असेल तर हाताच्या अंतरावर मोठे माणूस हवे, आणि त्याच्या हातात मोबाईल नको.

मुलांना खडकांवर जरूर न्या. ते गृहस्थही या वर्षी पुन्हा गेले. पायात बूट, खिशात तिथीचा कागद. परतल्यावर मला मुद्दाम दोन्ही तळवे दाखवून गेले. मधुमेहींनी ही तपासणी खरे तर रोजच करावी.