गाडी केवढी घ्यायची?

रात्री दहानंतर आपल्या इमारतीखाली उभ्या असलेल्या गाड्यांकडे एकदा नीट बघा. ज्यांनी तिकडे वॅगन-आरमध्ये सहाजण कोंबून लोणावळा केलं, त्यांच्याच दारात आज सात सीटांची गाडी उभी असते आणि सकाळी एकट्या माणसाला घेऊन ऑफिसला निघते. यात हसण्यासारखं काही नाही. मोठी गाडी हे आपल्यापैकी बऱ्याच जणांचं स्वप्न होतं आणि ते कष्टाच्या पैशातून पुरं झालं आहे. पण “गाडी माझी, पैसे माझे, मग केवढीही घेईन” हे जरा तपासून पाहू.

भारतात गाडीचा आकार आपण निवडतो असं वाटतं, पण अर्धी निवड सरकारनं आधीच केलेली असते. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या, लहान इंजिनाच्या गाड्यांना उत्पादन शुल्कात सवलत मिळाली. मग कंपन्या गाडीची शेपटी कापून ती चार मीटरांत बसवू लागल्या. टाटांची इंडिगो सीएस आठवत असेल. उरलेलं काम सदाशिव पेठेतलं पार्किंग करतं.

जेद्दात असं कोणी आडवं येत नाही. पावणेसहा मीटरची सबर्बनही मदिना रोडवर लहानच वाटते. आणि पेट्रोल! जुन्या मंडळींना आठवेल, २०१५ संपेपर्यंत ९१ नंबरचं पेट्रोल ४५ हलाला लिटर होतं, पिण्याचं पाणी त्याहून महाग. मग ते ७५ हलाला झालं, जानेवारी २०१८ मध्ये १.३७ रियाल, आणि जुलै २०२१ मध्ये २.१८ वर थांबवलं गेलं. एवढं वाढूनही पुण्याच्या निम्म्याच्या आसपास.

आता हिशेब करा. वर्षाला २० हजार किलोमीटर धरा. लिटरला ८ किलोमीटर देणारी गाडी २,५०० लिटर पिते, १६ देणारी १,२५०. आजच्या भावानं फरक २,७२५ रियालचा. ४५ हलालांच्या काळात तो ५६३ रियालसुद्धा नव्हता. म्हणून तेव्हा कोणी विचारच केला नाही. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, म्हणजे या दोन गाड्यांत वर्षाला जवळजवळ २.९ टनांचा फरक. हा आकडा ४५ हलालांच्या काळातही तेवढाच होता.

सरकारनं ऑक्टोबर २०२३ पासून आधी नव्या गाड्यांवर इंधनाच्या हिशेबानं वार्षिक फी लावली. लिटरला १६ किलोमीटर किंवा जास्त देणाऱ्या गाडीला शून्य, १० च्या खालच्या गाडीला १९० रियाल. हेतू चांगला आहे, पण खरं सांगू? १९० रियालमध्ये सबर्बनची एक टाकीही भरत नाही. तेवढ्यानं कोणी शोरूममधून मागे फिरेल असं मला वाटत नाही. म्हणजे इथं निवड खरोखरच आपल्यावर सोडलेली आहे.

मोठ्या गाडीची बाजूही ऐकायला हवी. रत्नागिरीहून उमऱ्याला आलेले पाच पाहुणे, त्यांच्या बॅगा, आणि मदिनेपर्यंतचे चारशे किलोमीटर, तेही भर उन्हाळ्यात, हे यारिसमध्ये होत नाही. ताईफला जाताना अल-हदाचा घाट पाच माणसांसकट चढायला इंजिनही लागतं. पण असे दिवस वर्षात किती? कॅलेंडर घेऊन मोजा. बहुतेक घरांत ते पंचवीसच्या पुढे जात नाहीत. तेवढ्यापुरती गाडी भाड्यानं मिळते.

दुसरं कारण पावसाचं. २५ नोव्हेंबर २००९ च्या पुरात इथं शंभराहून जास्त माणसं गेली. २४ नोव्हेंबर २०२२ ला काही तासांत १७९ मिलिमीटर पाऊस पडला. उंच गाडी बरी, असं आपण म्हणतो. ते डबक्यापुरतं खरं आहे. पाण्यानं भरलेल्या अंडरपासमध्ये अडीच टनांची गाडीही वाहते, आणि उंच गाडीतला माणूस पाण्यात शिरायचं धाडस जरा लवकर करतो. त्या दिवशी घरी बसणं हाच उपाय.

बकालासमोर एसीसाठी इंजिन चालू ठेवून “दोन मिनिटांत येतो” म्हणणं मात्र गाडी कुठलीही असो, सोडायलाच हवं. ती दोन मिनिटं कधी दोन नसतात.

खरा प्रश्न मला दुसऱ्या गाडीचा वाटतो. २४ जून २०१८ पासून इथं बायका गाडी चालवू लागल्या, आणि आपल्याही घरांतून लायसन्सं आली. आता मुली-मुलगेही मोठे होत आहेत. घरात एक मोठी गाडी असेल तर असू द्या, तिच्यावरून भांडू नका. पण रोजचं ऑफिस, शाळा, भाजी यासाठी येणारी दुसरी गाडी लहान आणा, आणि रोज सकाळी जो एकटा लांब जातो त्याच्या हातात लहानीची किल्ली द्या. आपल्याकडे नेमकं उलट होतं: मोठी गाडी बाबांची, लहान आईची, आणि सर्वांत जास्त किलोमीटर बाबांचे.

मुलं म्हणतील, इलेक्ट्रिक घेऊ या. रबीगजवळच्या किंग अब्दुल्ला इकॉनॉमिक सिटीत २०२३ पासून लुसिडचा कारखाना आहेच. जरूर विचार करा. फक्त इथली वीज अजून बहुतांशी तेल आणि वायू जाळूनच येते, हेही त्यांना सांगा. तेव्हा इलेक्ट्रिक गाडी बघतानाही पहिला प्रश्न हाच विचारा: रोज तिच्यात किती जण बसणार?