व्हॉट्सॲप ग्रुपमधलं वातावरण कोण ठरवतं? माणसं की बटणं?

सोसायटीचा ग्रुप, दहावीच्या बॅचचा ग्रुप, भावकीचा ग्रुप. काही वर्षांपूर्वीपर्यंत यातून कुणी बाहेर पडलं की सगळ्यांच्या स्क्रीनवर तशी ओळ उमटायची. मग लगेच फोन, "काय झालं? कुणी काही बोललं का?" या एका ओळीच्या धास्तीने अनेक जण नको असलेले ग्रुप म्यूट करून तसेच बसून राहायचे.

ऑगस्ट 2022 मध्ये व्हॉट्सॲपने गुपचूप बाहेर पडण्याची सोय जाहीर केली. आता त्याची सूचना फक्त ॲडमिनला जाते. ग्रुप तोच, माणसंही तीच. पण बाहेर पडणं म्हणजे जाहीर भांडण, हा अर्थ बराचसा गळून पडला.

आत कोण, बोलणार कोण?

एप्रिल 2019 पर्यंत तुमचा नंबर असलेलं कुणीही तुम्हाला न विचारता ग्रुपमध्ये घेऊ शकत होतं. त्यानंतर 'मला ग्रुपमध्ये कोण ॲड करू शकतं' ही सेटिंग आली.

त्याआधी 2018 मध्ये 'फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतील' हा पर्याय आला होता. शाळेच्या सूचनांसाठी तो सोयीचा आहे. पण सोसायटीच्या ग्रुपवर पाण्याचा प्रश्न तापलेला असताना तोच पर्याय सुरू केला, तर चावडीचा नोटीस बोर्ड होतो.

म्हणजे ॲडमिनच्या हातात सत्ता आहे. मग जबाबदारी? सदस्याच्या आक्षेपार्ह पोस्टसाठी, समान हेतू किंवा पूर्वनियोजित कट दिसत नसेल तर ॲडमिनला जबाबदार धरता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये स्पष्ट केलं.

एका टॅपची किंमत

1 जुलै 2018. धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, अशा अफवा मोबाईलवर पसरलेल्या होत्या. त्या संशयातून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या 5 जणांना ठार मारलं. त्या काळात देशात इतरत्रही असेच बळी गेले.

अफवा माणसंच पसरवतात. पण ओळखीच्या माणसाकडून आलेला मेसेज खरा वाटतो आणि तो पुढे ढकलायला एक टॅप पुरतो. त्याच महिन्यात फॉरवर्ड केलेल्या मेसेजवर तसं लेबल दिसू लागलं. भारतात एका वेळी 5 चॅटची मर्यादा घालण्याचंही जाहीर झालं. फोटो-व्हिडिओशेजारचं झटपट फॉरवर्डचं बटणही काढायचं ठरलं.

एप्रिल 2020 मध्ये पुढचं पाऊल पडलं. खूप वेळा फिरलेला, दोन बाणांची खूण असलेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवता येऊ लागला. त्यानंतर असे मेसेज 70 टक्क्यांनी घटले, असं कंपनीने सांगितलं. पाठवण्यावर बंदी नव्हती, फक्त हात थोडा थबकत होता.

मग तुम्ही काय करू शकता?

सेटिंग्ज, प्रायव्हसी, ग्रुप्स इथे जाऊन तुम्हाला कोण ॲड करू शकतं ते ठरवा. ॲडमिन असाल तर सूचनांचा आणि गप्पांचा ग्रुप वेगळा ठेवा. आणि दोन बाण दिसले की लक्षात घ्या, मेसेज काकांनी पाठवला असला तरी तो काकांनी लिहिलेला नाही.