गाडीचे दुखणे आणि कारागिराची पारख

पाचगणीहून वाईला उतरताना पसरणीच्या घाटात आमच्या गाडीचा ब्रेक एकदा एकाएकी लागेनासा झाला. पायाखालचे पेडल नेहमीच्या जागी अडले नाही. लोण्यात बोट रुतावे तसे ते तळापर्यंत गेले. गाडीत आमची वृद्ध आई आणि दोन मुले होती. सुदैवाने पुढे वाहन नव्हते. आम्ही गिअर खाली आणला, हँडब्रेक थोडा थोडा ओढीत राहिलो आणि डोंगराच्या अंगाला घेऊन गाडी एकदाची थांबविली. अर्ध्या तासाने पाहतो तो ब्रेक पूर्ववत! जणू काही झालेच नव्हते.

घरी परतल्यावर गाडी एका मोठ्या गॅरेजमध्ये नेली. "ब्रेक लागत नव्हता," एवढेच आम्ही सांगितले. तेथील माणसाने गाडी आवारात फिरविली, चार वेळा ब्रेक दाबून पाहिला, आणि पुढचे पॅड व तबकड्या बदलून टाका असे सांगितले. आम्ही बदलल्या, भलेमोठे बिल भरले आणि निश्चिंत झालो. तीन महिन्यांनी कुंभार्लीचा घाट उतरताना पेडल पुन्हा तसेच खाली गेले.

या खेपेस हळूहळू चिपळूण गाठले आणि रस्त्याकडेच्या एका लहानशा गॅरेजपाशी थांबलो. तेथील फिटरने गाडीला हातही लावला नाही. त्याने आधी प्रश्न विचारले. किती वेळ उतरत होता? कोणत्या गिअरमध्ये? पेडल मऊ पडले, की कडक राहूनही गाडी थांबेना? थांबल्यावर किती वेळाने ब्रेक परत आला? आणि शेवटी, ब्रेक ऑईल कधी बदलले होते? या शेवटच्या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते. गाडी घेऊन सहा वर्षे झाली होती आणि ते बदलावयाचे असते हेच आम्हाला ठाऊक नव्हते. बॉनेट उघडण्यापूर्वीच निदान झाले होते.

घडले होते ते असे. ब्रेकच्या पेडलावर आपण पाय देतो तो दाब बारीक नळ्यांतून एका द्रवाच्या द्वारे चाकांपर्यंत पोहोचतो. द्रव दाबून लहान होत नाही, म्हणून पायाचा जोर जसाच्या तसा पॅडांवर जातो. या द्रवाला आपण सगळे ब्रेक ऑईल म्हणतो, पण ते तेल नव्हे. त्यात चुकून खरे तेल पडले तर आतील रबरी सील फुगून सबंध यंत्रणा निकामी होते. या द्रवाचा एक स्वभाव म्हणजे तो हवेतील दमटपणा हळूहळू शोषून घेतो. डॉट ४ या जातीचा ताजा द्रव २३० अंश सेल्सिअसच्या खाली उकळू नये असा दंडक आहे. पण त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मिसळले की हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. सपाट रस्त्यावर याचा पत्ता लागत नाही. घाटात मात्र पंधरा-वीस मिनिटे ब्रेकवर पाय ठेवून उतरले की तबकड्या भाजून निघतात, ती उष्णता द्रवापर्यंत पोहोचते आणि जुना द्रव उकळतो. उकळला की वाफेचे बुडबुडे होतात. आणि वाफ ही द्रवासारखी नसते, ती दाबली जाते. पाय खाली जातो तो वाफ दाबण्यात, चाक थांबविण्यात नव्हे. गाडी निवाली की वाफेचा पुन्हा द्रव होतो आणि ब्रेक शहाण्यासारखा लागू लागतो. म्हणून तो आवारात उत्तम लागला. बहुतेक कंपन्या हा द्रव सुमारे दोन वर्षांनी बदलावा असे पुस्तिकेत लिहितात. ती पुस्तिका आम्ही तोवर उघडली नव्हती.

दोष द्रवाचा होता तसा आमच्या पायाचाही होता. ज्या गिअरमध्ये घाट चढतो, साधारण त्याच गिअरमध्ये उतरावे, म्हणजे इंजिनच गाडीला आवरून धरते. पेट्रोल वाचविण्याकरिता न्यूट्रलमध्ये उतरणारे सद्गृहस्थ आपल्यात पुष्कळ आहेत. आजच्या गाड्यांत गिअर टाकून उतरताना इंजिनाला होणारा पेट्रोलचा पुरवठा बहुधा बंदच असतो, तेव्हा ही काटकसर खोटी आहे. इंजिन बंद करून उतरणे तर आत्मघात होय: ब्रेकला मिळणारी मदत जाते आणि स्टीअरिंग दगडासारखे जड होते.

ही हकीगत इतक्या विस्ताराने सांगण्याचे कारण हे की गाडीची पुष्कळशी दुखणी याच जातीची असतात. ती रस्त्यावर दिसतात आणि गॅरेजच्या दारात लपतात. त्यांचा एकमेव साक्षीदार गाडी चालविणारा असतो, आणि साक्षीदारच जर "काहीतरी आवाज येतो" एवढेच सांगू लागला तर कारागिराने करावे काय? प्रामाणिक असेल तो अंदाजाने शोधील आणि लबाड असेल तो अंदाजाने विकील. बिल दोन्हीकडे सारखेच येते.

म्हणून आवाज ऐकावा तो नीट ऐकावा. ब्रेक दाबताना बारीक चिरका आवाज येत असेल तर पॅड संपत आल्याची ती सूचना असू शकते. पुष्कळ पॅडांना यासाठीच पत्र्याची एक जीभ बसविलेली असते, ती पॅड झिजला की तबकडीला घासते. ही सूचना आपण कानाआड केली की पुढे खरखर सुरू होते. म्हणजे आता लोखंडावर लोखंड घासत आहे आणि पॅडच्या खर्चात तबकडीचा खर्च मिळाला. उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवून पेडल दाबून धरले असता ते सावकाश खाली सरकत गेले, तर मास्टर सिलिंडरचे सील गळत असावे. त्या गाडीने घरीसुद्धा जाऊ नये. स्टीअरिंग पूर्ण वळवून गाडी फिरविताना कटकट होत असेल तर पुढच्या चाकांकडील ॲक्सलचा सांधा झिजलेला असतो. ताशी ऐंशी-नव्वद किलोमीटरला स्टीअरिंग थरथरते आणि वेग कमी केला की थांबते, याचे कारण बहुधा चाकांचे बॅलन्सिंग. ते अल्प खर्चाचे काम आहे. पण ब्रेक दाबला तरच थरथर होत असेल तर तबकडीकडे पाहावे. एक शब्द इकडचा तिकडे झाला की बिल कुठल्या कुठे जाते ते यावरून ध्यानात यावे.

कानाच्या जोडीला नाक आणि डोळे आहेत. गाडी उभी होती तेथे जमिनीवर डाग दिसला तर एक पुठ्ठा रात्रभर खाली ठेवावा. उन्हाळ्यात एसीचे स्वच्छ पाणी ठिबकते, त्याची काळजी नको. आमच्या एका स्नेह्यांनी याच पाण्यापायी एका रविवारी गॅरेज उघडावयास लावले होते. काळा, ओशट डाग इंजिन ऑईलचा. हिरवा किंवा तांबूस, गोडसर वासाचा असेल तर तो कूलंटचा. चाकाच्या आतल्या बाजूला पातळ, निसरडा ओलावा दिसला तर तो ब्रेकचा समजावा आणि गाडी हलवू नये. सायलेन्सरमधून निळसर धूर म्हणजे ऑईल जळते आहे; काळा म्हणजे इंधन अपुरे जळते आहे; आणि इंजिन तापल्यावरही पांढरा धूर न थांबता येत राहिला व कूलंट मात्र कमी होत असेल, तर हेड गॅस्केट गेल्याचा संशय घ्यावा. गाडी गरम झाल्याचा काटा चढला की थांबावे, आणि रेडिएटरचे झाकण गरम असताना कधीही उघडू नये. आतले पाणी दाबाखाली शंभर अंशांच्या वर तापूनही उकळत नाही. झाकण निघताच ते उसळून तोंडावर येते.

बॅटरी आणि टायर यांविषयी थोडेच सांगतो. किल्ली फिरविल्यावर नुसते टकटक होते, दिवे मंद पडतात, तर बॅटरी उतरली आहे, किंवा तिच्या टोकांवर पांढरट-हिरवी बुरशी चढली आहे. नवी घेण्यापूर्वी टोके साफ करून पाहावी. पण चालत्या गाडीत बॅटरीचा लाल दिवा लागला तर तो बॅटरीविषयी नसतो, चार्जिंगविषयी असतो. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. "नवा" म्हणून बसविलेला टायर कधीचा आहे हे त्यावरून कळते. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली गेलेला टायर कायद्यानेही चालत नाही.

प्रीमिअर पद्मिनीच्या काळात कारागीर कार्बुरेटर उघडी आणि पुढ्यात ठेवी; आपल्याला कळो न कळो, दिसत तरी असे. मुंबईतील शेवटची नोंदलेली पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली. आजच्या गाडीत इंजिनाचा पिवळा दिवा लागतो, मिस्त्री एक यंत्र जोडतो आणि पडद्यावर क्रमांक येतो. या क्रमांकाचा लोकांना मोठा दरारा वाटतो. पण क्रमांक म्हणजे निदान नव्हे; ती तक्रार आहे. पी ०१७१ हा क्रमांक एवढेच सांगतो की इंधनाच्या मानाने हवा जास्त होत आहे. मग कोठे रबरी नळीला चीर पडली असेल, हवा मोजणाऱ्या सेन्सरवर धूळ बसली असेल, किंवा इंधनाचा पंप थकला असेल. जो क्रमांक वाचताच महागडा सेन्सर बदला म्हणतो त्याने तक्रार वाचली, रोगी पाहिला नाही. "हाच भाग गेला हे आपण कशावरून ठरविले?" असा प्रश्न नम्रपणे विचारावा. चांगल्या कारागिराला या प्रश्नाचा राग येत नाही. उलट त्याला बोलण्याचा हुरूप येतो, आणि कित्येकदा तो थांबवावा लागतो!

आता विश्वासाचे गॅरेज शोधावे कोठे? मोठी पाटी आणि थंडगार बैठकीची खोली यांवरून काही ठरत नाही, तसेच लहान जागा आणि काळवंडलेले हात हाही प्रामाणिकपणाचा दाखला नव्हे. गाडी बंद पडल्यावर गॅरेज शोधणे म्हणजे मुलीच्या लग्नाच्या दिवशी आचारी शोधण्यासारखे आहे. गाडी ठणठणीत असताना ऑईल बदलण्यासारखे एखादे लहान काम द्यावे आणि पाहावे. काम सुरू करण्यापूर्वी खर्चाचा अंदाज लिहून देतात काय? अधिक काम निघाले तर फोन करून विचारतात, की करून मोकळे होतात? काढलेला जुना भाग मागितल्यावर दाखवितात काय? कारागीर आपल्याबरोबर गाडीत बसून चक्कर मारावयास तयार आहे काय? आमच्या अनुभवात हा शेवटचा प्रश्न सर्वांत उपयोगी ठरला. पसरणीनंतर आमच्याबरोबर कोणी गाडीत बसले असते, तर बसल्या बसल्या घाटाची गोष्ट निघाली असती.

बिल पक्के घ्यावे आणि जपून ठेवावे. दुरुस्ती ही कायद्याच्या दृष्टीने सेवा आहे. तीत कसूर झाली तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते, आणि १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडेही तक्रार नोंदविता येते. कागद नसेल तर मात्र आपण आणि आपला संताप, एवढेच उरते. आम्ही त्या पहिल्या गॅरेजशी भांडलो नाही. त्यांनी बदललेला माल खोटा नव्हता, आणि आम्ही त्यांना घाटाविषयी अवाक्षर सांगितले नव्हते. मात्र त्यांनीही ते विचारले नव्हते, म्हणून पुन्हा तेथे गेलो नाही.

चिपळूणच्या फिटरने द्रव बदलला, नळ्यांतील हवा काढली आणि द्रवाचे व तासाभराच्या मजुरीचे पैसे तेवढे घेतले. पॅड नवे आहेत, त्यांना हात लावण्याचे कारण नाही, हे त्याने आपण होऊन सांगितले. काढलेला द्रव त्याने एका बाटलीत भरून आम्हाला उजेडात दाखविला. चहासारखा काळपट झाला होता. मग आमच्या पुस्तिकेच्या मागच्या कोऱ्या पानावर त्याने पेनने तारीख व किलोमीटर लिहिले. त्याच्याखाली आता आणखी दोन तारखा आहेत.